उजवी खडाव

आमच्या घरात पहाट डोळ्यांच्या आधी कानांना कळते. काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की सूर्य अंगणात पोचेपर्यंत अर्धी कामं उरकलेली असतात. आणि पौषात कोहरा, इथलं दाट धुकं, उतरला की तो पोचतच नाही. म्हणून लहानपणापासून मी सकाळ आवाजांवरून ओळखत आले. आधी नळाखाली बादली सरकल्याचा आवाज. मग आईचा खोकला. मग दूर पाण्यावर, न दिसणाऱ्या नावेचं वल्हं. आणि सर्वांत शेवटी, स्नान आटोपून गच्चीकडे जाणाऱ्या बाबांच्या खडावा: खट्, खट्, खट्, खट्. चारही ठोके एका वजनाचे. ज्या माणसाचं आयुष्य ऱ्हस्व-दीर्घ आणि उदात्त-अनुदात्त सांभाळण्यात गेलं, त्याचं चालणंसुद्धा मात्रेत असावं, यात मला कधी नवल वाटलं नाही.

या पौषात मी सुट्टीवर घरी आले. पहिल्या पहाटे जाग आली आणि अंथरुणात पडून मी ऐकत राहिले. बादली सरकली. आई खोकली. वल्हं वाजलं. त्यानंतर जिन्यावरून कोणीतरी वर गेलं, पण लाकूड वाजलं नाही. पट्ट्याने घट्ट बांधलेल्या रबरी सँडलचा मऊ, दबका आवाज तेवढा आला. खडावा आता देवघराच्या कोनाड्यात असतात. त्यांतल्या उजवीची पुढची कड तिरपी झिजलेली आहे. ती झीज दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका हिवाळ्यात, चाळीसेक दिवसांत झाली. ती माझ्यामुळे झाली.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. कारणांची साखळी नीट मांडण्याची मला सवय आहे. ही साखळी मात्र मांडायला बसले की प्रत्येक कडीशी मीच उभी असते.

त्या हिवाळ्यात बाबांची कंबर धरली होती. ते वैदिक. तास-तास मांडी घालून बसायचं, शिष्यांना संथा द्यायची, म्हणजे एकेक चरण म्हणून दाखवायचा आणि त्यांच्याकडून तो ठरल्या आवृत्त्यांनी घोकून घ्यायचा. तीस वर्षांच्या त्या बैठकीने मणक्यांकडे आपला हिशोब मागितला होता. उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीमागून पोटरीत उतरायची. आई तिला ‘ती विजेची तार’ म्हणायची. मी तेव्हा इथल्याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होते आणि दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेसाठी अर्ज लिहीत होते. माझा विषय पाणी शोषून फुगणाऱ्या मऊ पदार्थांचा. किती फुगतात, दाबाखाली किती सोसतात, कुठे फाटतात.

“डॉक्टरकडे नेऊ या का गं यांना?” आईने विचारलं होतं.

“त्यात डॉक्टर काय करणार? गोळ्या देणार,” मी म्हणाले. “मांडीमागचे स्नायू आखडलेत. आखडलेली गोष्ट ताणायची, इतकं साधं आहे.”

मी एका संध्याकाळी बसून सहा ताणांचा कागद तयार केला. आकृत्या काढल्या, बाण दाखवले, श्वास मोजायचे ते लिहिलं. पहिला व्यायाम: उभं राहून कमरेतून वाकायचं आणि पायांचे अंगठे धरायचे. दुसरा: बसून, पाय लांब करून, कपाळ गुडघ्यांकडे न्यायचं. पुढचे दोनही वाकण्याचेच. वेळ: पहाट, अंथरुणातून उठल्यावर लगेच. त्या ‘लगेच’खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. मला शिस्त दाखवायची होती.

बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. चष्मा लावून वाचला. मग देवघरात नेऊन देवापुढे ठेवला, नमस्कार केला आणि बाहेर येऊन म्हणाले, “चाळीस दिवसांचा नेम करतो. तुला मी संथा दिली नाही, मेधा. आता तू मला दिलीस.”

हे वाक्य मी इथे थांबून लिहिते आहे. आमच्या घरात मुलींना वेद शिकवत नसत. मी भिंतीपलीकडून ऐकून अर्धी सूक्तं पाठ केली होती, आणि ती मला येतात हे कळूनही बाबा कधी काही बोलले नव्हते. माझ्या वर्गांतल्या पहिल्या नंबरांत, माझ्या घाईत, माझ्या वाद घालण्यात त्या भिंतीचा वाटा किती आहे, ते मोजायचं उपकरण मला सापडलेलं नाही. पण त्या संध्याकाळी, बाबांनी माझ्यापुढे हात पसरून कागद घेतला तेव्हा, मला काळजीच्या आधी विजय जाणवला. एवढं मला स्वच्छ आठवतं.

आई पलीकडे मटार सोलत होती. ती म्हणाली, “झालं. घरात आता दोन शास्त्री. एक विचारणार नाही, दुसरी बघणार नाही.”

आम्ही दोघंही हसलो.

कोहऱ्याचे दिवस म्हणजे काशीत दिसण्यापेक्षा चवीचे आणि वासाचे दिवस. गल्लीच्या तोंडाशी कौड्याचा, म्हणजे शेकोटीचा धूर, ओल्या लोकरीचा वास, सकाळी सकाळी मातीच्या कुल्हडात विकायला येणारी मलइयो: दुधाचा तो केशरी फेस, जो जिभेवर ठेवताक्षणी नाहीसा होतो आणि ऊन चढलं की विकणाऱ्याच्या परातीतूनही नाहीसा होतो. बाबांनी त्या महिन्यात मला किती कुल्हडं आणून दिली! मी रजईत बसून लॅपटॉपवर अर्ज लिहीत असे. ते दारात उभे राहत. अंगावर धाबळी, सोवळ्यात. म्हणून कुल्हड उंबऱ्यावर ठेवून मागे सरत. त्यांना शिवायचं नाही, हे कळण्याइतकी मी त्या घरची होते.

“एकदा गच्चीवर येऊन बघतेस का? बरोबर होतंय की नाही कळत नाही,” ते म्हणायचे.

“आकृती आहे ना, बाबा. तशी करा.”

“आकृतीतल्या माणसाला पाठीमागून कोण बघतं?”

“आणि मी येऊन काय करू? तुम्ही सोवळ्यात. हात लावून सरळ करायचीही सोय नाही.”

हे मी उपहासाने म्हणत असे. वर गच्चीवर थंडी होती आणि खाली रजई, हे खरं कारण होतं. पण सोवळं हे उत्तम उत्तर होतं. त्याच्यात माझी आधुनिकताही सुरक्षित राहत होती आणि झोपही. त्यांनी मला तीन वेळा बोलावलं. मी तीनही वेळा हेच उत्तर दिलं.

दहा-बारा दिवसांनी ते म्हणाले, “पोटरीत मुंग्या येतात. अंगठ्यापर्यंत जातात.”

मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाले, “म्हणजे ताण बसतोय. म्हणजे काम होतंय.”

त्यावर ते ‘बरं’ म्हणाले, आणि पुन्हा त्यांनी मुंग्यांचा उच्चार केला नाही. नंतर आईने त्यांना मी नसताना टोकलं तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं, “संथा चालू असताना शंका काढायची नसते. आवृत्त्या पुऱ्या होऊ देत. मग विचारीन.” जी शिस्त त्यांनी पन्नास शिष्यांना लावली, तीच त्यांनी स्वतःला लावली. त्या परंपरेत गुरू समोर बसलेला असतो, एक मात्रा चुकली तरी थांबवतो, हा भाग त्यांनी गृहीत धरला होता. शिष्याने शंका घ्यायची नाही, कारण गुरूचं लक्ष आहे. इथे शिष्य नेमाने वाकत होता, आणि गुरू खाली रजईत होती.

आता मला जे ठाऊक आहे, ते तेव्हाही मला ठाऊक होतं; लाजेचं मूळ तिथे आहे. मणक्यांमधली गादी रात्रभर आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगते. पहाटे ती सर्वांत टच्च असते. त्याच वेळी कमरेतून पुढे वाकलं, तर ती मागच्या बाजूला, नसेकडे, जास्तीत जास्त रेटली जाते. फुगलेल्या मऊ पदार्थावर एका बाजूने दाब दिला की दुसऱ्या बाजूने तो बाहेर येतो, हा माझ्या अभ्यासाचा पहिला धडा. मी तो काचेच्या बशीत पाहत होते, आलेख काढत होते, शिक्षकांची शाबासकी घेत होते. दोन जिने वर माझे वडील रोज पहाटे तोच प्रयोग स्वतःच्या कमरेवर करत होते, आणि मला दोन्हींचा संबंध दिसला नाही.

ऐकूही आला नाही. कारण खडावा बदलल्या होत्या. खट्, खट्, खट् यांच्यात आता एक फरफट आली होती: खट्, घस्स, खट्, घस्स. उजवं पाऊल पुढून नीट उचललं जात नव्हतं. एका स्वराच्या चुकीवर पोथी थांबवणाऱ्या घरात जन्मलेल्या मला तो आवाज रोज सकाळी भिंतीतून येत होता, आणि मी कूस बदलत होते.

एका सकाळी दाराशी नंदू चाचा आले. घाटावरचे मल्लाह, माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरच्यांना पलीकडच्या रेतीवर आणि रामनगरला नावेतून नेणारे. हातात बाबांची उजवी चप्पल, ओली.

“बिटिया, पंडितजी की चप्पल सीढ़ी पर छूट गई। आगे निकल गए, पता ही नहीं चला उनको। दाहिना पैर घसीट रहे हैं।”

“कसरत चल रही है, चाचा। ठीक हो जाएगा।”

चाचांनी चप्पल उंबऱ्याबाहेर उलटी झटकली, पाणी निथळू दिलं. “कसरत से चप्पल छूटे, ई त पहिली बार सुने,” ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवशी मी अर्जातला शेवटचा परिच्छेद पुरा केला. विज्ञान घरापर्यंत पोचायला हवं, असा त्याचा आशय होता. त्यात मी लिहिलं होतं, की माझ्या वडिलांची वर्षानुवर्षांची पाठदुखी मी आखून दिलेल्या साध्या व्यायामांनी आटोक्यात आली आहे. ‘आली आहे.’ मी त्यांना विचारलंही नव्हतं. पुढे मुलाखतीत समोरच्या तिघांपैकी एकाने खास त्या परिच्छेदाची स्तुती केली. मी विनयाने मान झुकवली.

माघातलं पारायण आमच्या वस्तीत दर वर्षी होतं. चार वैदिक समोरासमोर बसतात, आणि एकदा घेतलेलं आसन अध्याय संपेपर्यंत सोडत नाहीत. बाबा त्या चारांत वीस वर्षं होते. त्यांच्या लेखी सगळं वर्ष त्या बैठकीकडे चालत यायचं. मी बायकांच्या बाजूला, खांबाआड बसले होते. चार आवाज एकमेकांत असे विणले गेले होते, की एकच जाड, उबदार घोंगडी अंगावर पडल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी, अध्यायाच्या मध्यावर, त्या घोंगडीला एक भोक पडलं. मला आधी कळलंच नाही काय झालं. एवढंच कळलं, की कुठूनतरी गार वारा येतोय. चारांचे तीन आवाज झाले होते. बाबा उठून उभे राहत होते. उजवा पाय दुमडला. त्यांनी खांब धरला. कोणाकडेही न बघता, भिंतीला धरून, पाऊल ओढत ते बाहेर आले. बाकीचे तिघे थांबले नाहीत, थांबायचं नसतं.

बाहेर ओट्यावर ते बसले. त्यांचा चेहरा दुखण्याचा नव्हता. आसन मोडलेल्या माणसाचा होता.

“आज किती दिवस झाले नेमाला?” त्यांनी मला विचारलं.

मला ठाऊक नव्हतं.

“अडतीस,” ते म्हणाले. “दोन राहिलेत. मग विचारणारच होतो तुला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मध्यम वयाच्या, भराभर बोलणाऱ्या बाई. त्यांनी बाबांना पलंगावर झोपवलं, पाय सरळ ठेवून उचलून पाहिला, तळव्यावर टोचलं. “पंडितजी, अँगूठा ऊपर उठाइए।” डावा अंगठा उठला. उजवा थरथरला आणि तसाच राहिला. बाबा त्याच्याकडे बघत होते. पाठ चुकलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसे, रागावून नाही, वाट पाहत.

मग त्यांनी बाबांना रोजचा दिनक्रम विचारला. व्यायामांचं ऐकल्यावर त्यांचा पेन थांबला.

“सुबह उठते ही आगे झुकना? पैर में झनझनाहट होते हुए? ये किसने बताया आपको?”

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, हातात फाइल. माझा हात वर व्हायला हवा होता, तोंड उघडायला हवं होतं. मी एका श्वासाएवढा उशीर केला. तेवढ्यात बाबा म्हणाले, “इंटरनेट पर देखा था।”

माघ महिनाभर ते सत्याचं व्रत पाळतात. थट्टेतही खोटं नाही. आणि ते वाक्य त्यांनी इतक्या सहज, इतक्या शुद्ध हिंदीत उच्चारलं, की डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. “पंडितजी! आप भी इंटरनेट से इलाज करने लगे?”

बाबाही हसले. मी फाइल या हातातून त्या हातात घेतली.

त्यानंतर सगळं योग्य झालं: तपासण्या, औषधं, विश्रांती, मग पालथं झोपून कोपरांवर छाती उचलण्याचा व्यायाम, थोडं थोडं चालणं, आणि उठल्यावर पहिला तासभर अजिबात वाकायचं नाही अशी ताकीद. शस्त्रक्रिया टळली. कळ हळूहळू पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत माघारी गेली. फक्त तो अंगठा पूर्ण परतला नाही. खडावेची खुंटी त्याला धरून ठेवता येत नाही. पारायणाला ते आता जातात, पण भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसून ऐकायला. आवाज चारच असतात. चौथा दुसऱ्या कोणाचा तरी.

मला प्रवेश मिळाला आणि मी निघून गेले.

या खेपेला घरी आल्यावर चौथ्या दिवशी माझीच कंबर धरली. दोन वर्षं खुर्चीवर वाकून आलेख बघण्याची ती पावती. आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, आणि शेकता शेकता सहज म्हणाली, “यांची कंबर गेली होती तेव्हा तरी किती हट्ट! डॉक्टरने झोपायला सांगितलेलं, आणि हे दुसऱ्याच दिवशी पहाटे उभ्याने जप करायला लागले. मांडी घालता येईना, म्हणून खांब धरून. हजार जप.”

“मला आठवतं,” मी म्हणाले. मी त्यांना तेव्हा चांगलंच बोलले होते. शिकल्या-सवरलेल्या माणसाचं ऐकायचं नसेल तर दुखणं भोगा, असं काहीसं.

“प्रायश्चित्त होतं ते,” आई म्हणाली. “डॉक्टरकडे खोटं बोलले म्हणून. मला म्हणाले, मेधाला सांगू नकोस.”

पिशवी पाठीवर होती. पाणी निवेपर्यंत मी तशीच पालथी पडून राहिले.

बाबांनीच आग्रह करून मला त्याच डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी त्यांना दारातच ओळखलं. शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर मुली उभ्या होत्या, त्यांच्याकडे वळून बाई म्हणाल्या, “बताया था न मैंने? यही हैं हमारे इंटरनेट वाले पंडितजी।” त्या मुली हसू दाबून बाबांकडे बघायला लागल्या. म्हणजे दोन वर्षं तो किस्सा तिथे सांगितला जात होता. दोन वर्षं माझे वडील, ज्यांच्यासमोर लोक उच्चार तपासून बोलतात, त्या खोलीत एक भाबडा म्हातारा म्हणून राहत होते. आणि ते आत्ताही हसत होते, सवयीने, मान थोडी खाली घालून.

“वो इंटरनेट मैं थी,” मी म्हणाले.

बाईंना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, की तो कागद मी लिहिला होता. मुंग्या येतात असं त्यांनी सांगितल्यावर, चालू ठेवा असं मी म्हणाले होते.

खोलीतलं हसू विझलं. बाई माझ्याकडे वळल्या. “लेकिन उस दिन तो आप यहीं खड़ी थीं।”

“जी,” मी म्हणाले. “यहीं।”

त्यांनी पलंगाकडे बोट केलं. मला झोपवून तपासलं, अंगठे उचलून बघितले, दोन्ही उठले. बाबांचेच व्यायाम मला लिहून दिले. मी कबुली दिली म्हणून हलकं वाटलं असेल, अशी वाचणाऱ्याची समजूत होईल. तसं झालं नाही. दोन वर्षांचा उशीर एका वाक्याने भरून निघत नाही, आणि प्रवेशाचं पत्र त्या परिच्छेदासकट माझ्याच नावावर आहे. घरी येताना आम्ही ई-रिक्षा केली. मैदागिनच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा बाबा म्हणाले, “चारचौघांत सांगायची गरज नव्हती.”

“तुम्ही चारचौघांत ऐकून घेत होतात.”

“मला सवय झाली होती.”

“तेच,” मी म्हणाले.

आज पहाटे बादली सरकली, आई खोकली, वल्हं वाजलं, आणि त्या मऊ पावलांच्या मागोमाग मी जिना चढले. गच्चीवर कोहरा इतका दाट, की पलीकडची रेतीच काय, आमचा स्वतःचा कठडाही अंदाजाने ओळखायचा. दोन घोंगड्या अंथरलेल्या होत्या. त्यांनी दुसरी कधी अंथरली, मी येणार हे कशावरून धरलं, कोण जाणे. ते धाबळी नेसून एकीवर पालथे झाले, कोपरांवर छाती उचलली, सावकाश खाली आले. मी पाहिलं. दहाही आवृत्त्या, एकही न सोडता, पाहिल्या.

“आता तू,” ते उठून बसत म्हणाले.

मी पालथी झाले. घोंगडीचा ओलसर, धुरकट वास. कोपर रोवले, छाती उचलली.

“कंबर वर येतेय. ती खाली राहू दे. नुसती छाती.”

मी पुन्हा केलं. पुन्हा कंबर उचलली गेली. त्यांचं सरकणं ऐकू आलं, आणि मग पाठीच्या खालच्या भागावर, बरोबर दुखऱ्या जागी, त्यांचा तळहात टेकला. थंड, कोरडा, घट्ट.

“बाबा, मी पारोशी आहे. तुमचं सोवळं...”

“पुन्हा आंघोळ करीन,” ते म्हणाले. हात तसाच होता. “घाई नको. उचल. आणि दुखलं तर लगेच सांगायचं, आवृत्त्या पुऱ्या व्हायची वाट बघायची नाही.”

मी छाती उचलली. तिसऱ्या खेपेला कळ आली.

“दुखतंय,” मी म्हणाले.

त्यांनी मला थांबवलं. “कुठे?”